रेपोतून गेलेली, पण माझ्या मशीनवर ठाण मांडून बसलेली पॅकेजेस : तुम्ही काय करता?

माळरान
नमस्कार मंडळी.

घरच्या डेस्कटॉपवर आर्च लिनक्स आहे. २०१८ च्या दिवाळीत टाकलं, तेव्हापासून तेच. मधे मदरबोर्ड बदलला, एसएसडी आली, पण इन्स्टॉल जुनंच. रूट पार्टिशन तीस जीबीचं, ते परवा भरलं. जागा कशाने खाल्ली ते बघताना पॅकमॅनची (आर्चचा पॅकेजेस बसवणारा-काढणारा प्रोग्रॅम) 'पॅकमॅन -क्यूएम' ही आज्ञा आयुष्यात पहिल्यांदा चालवली (क्यू मोठा, एम छोटा. मोबाइलवरून लिहितोय, कळफलक मराठी आहे, आज्ञा अशाच अक्षरी येतील, सांभाळून घ्या). म्हणजे मशीनवर आहेत पण कुठल्याच अधिकृत रेपोत (आर्चच्या पॅकेज-संग्रहात) नाहीत अशी पॅकेजेस.

यादीत २३ नावं. त्यातली ९ मी स्वतः एयूआरमधून (वापरणाऱ्यांनीच चालवलेल्या संग्रहातून) घेतलेली, ती ओळखीची. उरलेली १४ मी कधीच बाहेरून आणली नव्हती. पायथन२ आणि त्याची सहा पिल्लं, क्यूटी४ (खिडक्या-बटणं काढणारी लायब्ररी), रेडिस (डेटाबेस), निओफेच (टर्मिनलमध्ये लोगो आणि मशीनची माहिती दाखवणारं), देवनागरी फाँटांचा एक जुना संच, आणि तीन लायब्ऱ्या ज्यांची नावंही मला वाचता येत नाहीत. ही सगळी कधीकाळी अधिकृत रेपोतूनच आली असणार. ती तिथून गेली आणि पॅकमॅनने मला एका शब्दाने सांगितलं नाही. दर रविवारी इमानेइतबारे अपडेट करतोय, 'काही करायचं नाही' म्हणतं आणि मी निवांत.

तर प्रश्न असा की यांचं करायचं काय? सरसकट उडवू? ठेवू? तुमची पद्धत काय?

खिडकीबंद
चालतंय ना? मग हात लावू नका. तीस जीबीत पायथन२ किती खातं असं?

उंटावरचा शहाणा
माळरान, पॅकमॅनची बाजू मांडतो. त्याचं काम रेपोत जे आहे त्याच्याशी तुमचं मशीन जुळवणं. रेपोतून एखादं नाव गेलं, तर त्याच्या लेखी ते तुम्ही हाताने बसवलेलं पॅकेज. ते तुम्हीच बांधलेलं असेल, मित्राने दिलेलं असेल, त्याला काय माहीत? आपण होऊन ते काढत नाही हे योग्यच आहे. अपवाद एकच, नवीन पॅकेजने 'मी अमक्याच्या जागी आलोय' असं स्वतःत लिहून ठेवलं असेल तर अपडेटच्या वेळी 'बदलू का?' म्हणून विचारतं. पण जागा घेणारं कुणी नसेल, किंवा बदल इतका साधा नसेल, तर विचारणार कोण आणि काय?

आता तुमची यादी. प्रत्येक गोष्ट वेगळ्या कारणाने गेलीय, म्हणून एकच औषध चालणार नाही. पायथन२ ला मूळ प्रकल्पानेच १ जानेवारी २०२० ला मूठमाती दिली, आर्चने सप्टेंबर २०२२ मध्ये रेपोतून काढलं, बातमी देऊन काढलं. क्यूटी४ चा पाठिंबा तर २०१५ च्या शेवटीच संपला होता. रेडिसचं प्रकरण परवान्याचं. मार्च २०२४ मध्ये त्यांनी परवाना बदलला, त्यातून व्हॅल्की हा फाटा फुटला आणि एप्रिल २०२५ मध्ये आर्चने जाहीर केलं की यापुढे रेपोत व्हॅल्की, रेडिस एयूआरमध्ये जाईल.

ती तीन अनोळखी नावं मला वाटतं कुणाची तरी डिपेंडन्सी म्हणून (त्याला लागतात म्हणून) आलेली आणि तो 'कुणी' केव्हाच गेलेला. 'पॅकमॅन -क्यूआय नाव' करून बघा. 'कुणाला लागतं' समोर काही नसेल आणि 'दुसऱ्या पॅकेजसाठी बसवलं' असं लिहिलं असेल, तर बिनधास्त काढा.

खिडकीबंद, प्रश्न जागेचा नाहीच. या १४ जणांना सुरक्षेचे अपडेट येणं बंद झालंय, प्रश्न तो आहे.

खिडकीबंद
घरच्या डेस्कटॉपवर कोण हल्ला करायला येतंय शहाणेबुवा? पेंटागॉन आहे का ते?

रेवती_जो
हल्ल्याचं सोडा हो, आधी आपोआप काय मोडतं ते सांगते.

माझ्याकडे एक छोटं चित्र-क्रमवारीचं ॲप होतं, रेपोतून गेलेलं. दीड वर्ष मजेत चाललं. मग एका अपडेटमध्ये आयसीयूची आवृत्ती बदलली. ही युनिकोडची लायब्ररी, अर्ध्या जगाला लागते. रेपोतली सगळी पॅकेजेस नव्या आयसीयूवर पुन्हा बांधून आली, माझं ॲप कोण बांधणार? टर्मिनलमधून उघडलं तर 'शेअर्ड लायब्ररी सापडत नाही'. मग मी नको तो शहाणपणा केला, जुन्या नावाची सिमलिंक नव्या फाइलकडे वळवली. ॲप तरी उघडलं नाहीच, आणि ती सिमलिंक मी विसरून गेले ते वेगळंच.

आणि एकदा उलटंही झालं. जुन्या पॅकेजने 'मला अमुक आवृत्तीच हवी' म्हणून हट्ट धरलेला, त्यापायी अख्खं अपडेट अडलं. घरात एक माणूस रुसला की लग्नाची तारीख ठरत नाही, तसं.

म्हणजे खिडकीबंद म्हणतात तसं 'चालतंय' खरं. पण ते आज चालतंय, एवढंच. रोलिंग डिस्ट्रोत (आर्चसारख्या, सतत अपडेट होणाऱ्या लिनक्समध्ये) भोवतालचं सगळं सरकत असतं आणि हे एकटं जागेवर.

टेकाडे_भावजी
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

रेवती_जो
एक राहिलंच, आणि मला वाटतं ते जास्त महत्त्वाचं. माळरान, तुम्ही 'याय' किंवा 'पारू' (एयूआरची पॅकेजेस बांधून देणारे मदतनीस) वापरता का? ९ पॅकेजेस एयूआरची म्हणताय म्हणजे वापरत असणार.

मागच्या वर्षी 'याय'ने अपडेट करताना अचानक रेडिस कंपाइल व्हायला लागलं. पडद्यावर जीसीसी कंपायलरच्या ओळी धो धो. मी म्हटलं, हे कधीपासून? मी तर तयार बायनरी घेतलेली! मग डोक्यात प्रकाश पडला. 'याय' नाव बघतं. अधिकृत रेपोत नाही, एयूआरमध्ये त्याच नावाचं आहे, आवृत्ती नवी आहे, म्हणजे अपडेट. परवापर्यंत ज्या पॅकेजवर आर्चच्या मेंटेनरची (पॅकेज सांभाळणाऱ्याची) सही होती, ते आता एयूआरवरच्या एका सभासदाने लिहिलेल्या पीकेजीबिल्डवरून (पॅकेज बांधायच्या कृतीवरून) बनतंय. तो सभासद चांगलाच असेल. पण मी त्याला हो कधी म्हटलं?

कोकणकडा
रेवतीताई, दंडवत. मी तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहितो, त्यामुळे मला हे लगेच कळलं. सातबाऱ्यावर गट नंबर तोच, बांध तोच, आंब्याचं झाड तेच. पण फेरफार होऊन मालक बदललेला. आणि तुम्ही दर रविवारी जाऊन तिथलेच आंबे आणताय.

उंटावरचा शहाणा
कोकणकडा, हे उदाहरण चोरणार मी.

आणि ही भीती हवेतली नाही. जुलै २०१८ मध्ये नेमकं हेच झालं होतं. ॲक्रोबॅट रीडरचं पॅकेज एयूआरमध्ये बेवारस पडलेलं होतं, एकाने ते दत्तक घेतलं आणि पीकेजीबिल्डमध्ये बाहेरून स्क्रिप्ट आणून चालवणारी ओळ घातली. नाव तेच राहिलं, जुन्या वापरणाऱ्यांना नेहमीसारखं अपडेट दिसलं. जुलै २०२५ मध्ये पुन्हा, पण तेव्हा नवीच पॅकेजेस होती, ब्राउझरची 'दुरुस्त केलेली' आवृत्ती म्हणून टाकलेली, आत मशीनचा ताबा घेणारा प्रोग्रॅम. दोन दिवसांत काढली, पण दोन दिवस होती.

'याय' बदललेला पीकेजीबिल्ड दाखवू का म्हणून विचारतं. तिथे एंटर मारून पुढे जाणारे आपण सगळे.

खिडकीबंद
एंटर मारणाऱ्यांत मी पहिला, कबूल. पण मग उपाय काय, दर वेळी कोड वाचत बसू? मला नोकरी आहे.

रेवती_जो
अख्खा कोड नाही हो. फरक दाखवतं ना, आधीच्या वेळेपेक्षा काय बदललं ते. बहुतेक वेळा आवृत्तीचा आकडा आणि चेकसम (फाइल तपासायचा आकडा), दोन ओळी. तिसरी ओळ दिसली तर थांबायचं. शिवाय अपडेट करताना 'याय' वर दोन-तीन ओळी छापतं : कुठली पॅकेजेस एयूआरमध्येही नाहीत, कुठली बेवारस आहेत, कुठल्यांवर 'जुनं झालं' अशी खूण आहे. त्या ओळी आपण कधी वाचत नाही. माळरानांचे निदान काही 'गुप्त' पाहुणे तिथे दर आठवड्याला हजेरी लावत असणार.

अनुस्वार
अवांतर : 'ऑर्फन'ला इथे सगळे बेवारस म्हणताहेत, पण आर्चमध्ये हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना वापरतात आणि त्यातून नवख्यांचा गोंधळ होतो. एक, तुमच्या मशीनवरची अशी डिपेंडन्सी जी आता कुणालाच लागत नाही (क्यूडीटी ने दिसते). दोन, एयूआरमधलं पॅकेज ज्याला मेंटेनर नाही. पहिलीला 'बिनकामाची' म्हणू, दुसऱ्याला 'बेवारस'. आणि रेपोतून गेलेलं हे तिसरंच, त्याला मराठीत 'हद्दपार' म्हणावं काय?

टेकाडे_भावजी
हद्दपार कसलं, हद्दपार झालेला गावात राहत नाही. हे तर बदली होऊनही सरकारी क्वार्टर न सोडणारे.

अनुस्वार
:D मान्य. शब्द मागे घेतो.

देबुशेठ
आर्चवाल्यांचं बघून करमणूक होते. आमच्या डेबियन लिनक्समध्ये दोन वर्षांतून एकदा काय तो गोंधळ.

असो, उपयोगाचं सांगतो. डेबियनमध्ये कुठलंही पॅकेज काढायचं तर रीतसर बग नोंदवावा लागतो, आणि काढलेल्यांची तारीखवार, कारणासकट जाहीर यादी असते. मेंटेनरने स्वतः मागितलं, की गुणवत्ता गटाने मागितलं, बिल्ड होत नाही, मूळ प्रकल्प मेला, सगळं एका ओळीत. पॅकेज का गेलं हे कळलं की अर्धं काम झालं. तुमच्या मशीनवरची उरलेली बघायला 'एपीटी लिस्ट' ला कोटमध्ये '~ओ' द्या (ओ छोटा), ओ म्हणजे ऑब्सोलीट.

आता फुशारकी पुरे, माझी फजिती सांगतो. आम्ही काही माजी विद्यार्थी एक मेलिंग लिस्ट चालवायचो, मेलमन २ वर. ते पायथन२ वर चालणारं. डेबियन १० वरून ११ वर जाताना रिलीज नोट्स वाचल्या नाहीत. ११ मध्ये मेलमन २ नाहीच, फक्त ३. पण अपग्रेडने माझं जुनं काढलं नाही, ते तसंच चालत राहिलं, मी म्हटलं वा! दोन वर्षांनी १२ वर गेलो. १२ मधून पायथन २.७ सुद्धा गेलेलं. अपग्रेडनंतर जागा मोकळी करावी म्हणून 'ऑटोरिमूव्ह' (आता न लागणारी पॅकेजेस काढणारी आज्ञा) मारलं, यादी न वाचता 'वाय' दाबलं. पुढचा शनिवार-रविवार मी, पाच बॅकअप आणि चहा. अर्काइव्ह शाबूत राहिलं, सभासदांच्या सेटिंग्ज गेल्या. अजून लोक विचारतात, मला रोज पंधरा मेल का येतात.

खिडकीबंद
म्हणजे डेबियनमध्येही तेच. फक्त उशिरा.

देबुशेठ
उशिरा आणि एकदम. हो.

पोर्टलंडकर
फेडोरावाला बोलतो. आमच्याकडे मेंटेनर नसलेलं पॅकेज सहा आठवडे तसंच राहिलं की निवृत्त. आणि जुनी निवृत्त मंडळी पुढच्या अपग्रेडला आडवी यायला लागली, तर त्यांच्यासाठी एक खास पॅकेज आहे. त्याच्या पोटात एकही फाइल नाही, फक्त 'या या नावांना घरी पाठवा' अशी यादी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा फार हसलो होतो, पण युक्ती नामी आहे.

टेकाडे_भावजी
पोटात काही नाही, नुसती काढायच्या लोकांची यादी? आमच्या कंपनीत त्याला एचआर म्हणतात.

गडबडगुंडा
निओफेचबद्दल कुणीच बोललं नाही! तो प्रकल्प एप्रिल २०२४ मध्ये बंद झाला. लेखकाने गिटहबवर निरोप ठेवलेला, शेती करायला घेतली म्हणून.

कोकणकडा
त्याला म्हणावं पाऊस बघून पेरणी कर. इकडे लोक शेती सोडून कोडिंगकडे आणि हा उलट्या दिशेने.

माळरान
काका आमचे कांदा करतात. भाव ऐकला तर तो परत येऊन निओफेच सांभाळेल.

गडबडगुंडा
माळरान, त्याऐवजी फास्टफेच घ्या, रेपोत आहे, सी मध्ये लिहिलेलं, झटकन येतं. लोगो तसाच दिसतो, स्क्रीनशॉटला काही फरक पडत नाही. ;)

बटाटेवडा६४
माझी जखम अजून ओली आहे म्हणून लिहितो. एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड. डिसेंबर २०२५. रात्री अपडेट, सकाळी काळी स्क्रीन.

एनव्हिडियाने ५९० च्या ड्रायव्हरमध्ये पास्कल आणि त्याआधीच्या कार्डांना रामराम ठोकला, आर्चचं मुख्य पॅकेज पुढे गेलं, आणि माझ्यासारख्या १० मालिकेवाल्यांसाठी ५८० ची जुनी शाखा एयूआरमध्ये. हे सगळं आर्चच्या मुख्य पानावर स्वच्छ लिहिलेलं होतं. मी कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून काळ्या पडद्यावर, मोबाइलचं नेट यूएसबीने देऊन, दुसऱ्या मोबाइलवर ते पान वाचत बसलो. आधीचं पॅकेज काढा, ५८० चं डीकेएमएस (ड्रायव्हर आपल्या कर्नलसाठी इथेच बांधणारं) घाला, कर्नलचे हेडर्स विसरू नका. हेडर्स मी विसरलो. अजून अर्धा तास.

तेव्हापासून 'याय -पीडब्ल्यू' (पी मोठा) करून बातम्या बघतो आणि मगच अपडेट.

नवशिका_नाना
माझं वय ६७, निवृत्तीनंतर लिनक्स शिकतोय. एक शंका. पायथन२ काढलं तर माझं नेहमीचं पायथन जाईल काय? नातवाने त्यात काहीतरी करून दिलंय.

उंटावरचा शहाणा
नाही जाणार काका. दोन्ही वेगळी पॅकेजेस. 'पायथन' म्हणजे ३, ते बऱ्याच गोष्टींना लागतं, त्याला हात लावायचा नाही. नातवाची फाइल उघडून पहिली ओळ बघा, तिथे शेवटी २ लिहिलंय का. नसेल तर बहुधा प्रश्न नाही.

माळरान
सगळ्यांचे आभार. कालचा अख्खा दिवस यात घातला, वृत्तांत देतो.

तीन अनोळखी नावं : शहाणेबुवा म्हणाले तसंच. कुणाला लागत नव्हती. गेली. क्यूटी४ ही गेलं. निओफेच गेलं, फास्टफेच आलं.

रेडिस : इथे मात्र घाम फुटला. २०१९ मध्ये एका ट्यूटोरियलसाठी बसवलेलं, दोन दिवस वापरलं. सिस्टिमसीटीएलला (सेवा चालू-बंद करणाऱ्या आज्ञेला) विचारलं तर काय, 'चालू आहे'. सहा वर्षं दर बूटला हे उठतंय आणि ६३७९ पोर्टवर कान लावून बसतंय! नशीब, डीफॉल्टने फक्त लोकलहोस्टवरच (त्याच मशीनपुरतं) ऐकतं. आणि हो रेवतीताई, 'याय'च्या कॅशेत (उतरवलेल्या फाइलींच्या साठ्यात) रेडिसचा फोल्डर आहे. म्हणजे माझ्याकडेही फेरफार होऊन गेलेला, मी एंटर मारलेला. बंद केलं, काढलं, व्हॅल्की घेतलं नाही कारण लागतच नाही.

पायथन२ : पॅकमॅन म्हणालं कुणाला लागत नाही. सातही काढली. संध्याकाळी बाबांचा दुकानातून फोन, बिल निघत नाहीये. दुकानाच्या मशीनवर माझ्याच होम फोल्डरची कॉपी चालते, तिथेही मी उत्साहात हेच सगळं केलं होतं. डॉट मॅट्रिक्सला बिल पाठवणारी स्क्रिप्ट मी २०१३ मध्ये, कॉलेजात असताना लिहिलेली, पहिल्या ओळीत शेवटी २. पॅकमॅनला पॅकेजांचं कळतं, माझ्या होममधल्या स्क्रिप्टचं कसं कळणार! तर इतरांनी माझ्यासारखं करू नका, आधी स्वतःच्या स्क्रिप्टांच्या पहिल्या ओळी ग्रेप करा, म्हणजे शोधून बघा.

आता ती पायथन३ वर आणली. प्रिंटला कंस घातले, चालली. पण बिलावर 'पुडे : ३.५' येतंय. अर्धा पुडा आम्ही विकत नाही.

अनुस्वार
भागाकाराला दोन तिरक्या रेघा द्या. पायथन२ मध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उरलेलं गाळायचं, ३ मध्ये एका रेघेने अपूर्णांक येतो. आणि बिलाच्या रकमेत कुठे भागाकार असेल तर तोही तपासा, तेरा वर्षं पैसे कुणाचे गळत होते ते कळेल.

माळरान
अरे देवा. तपासतो.

रेवती_जो
आणि फाँटांचा संच?

माळरान
तो ठेवलाय. बहिणीच्या लग्नपत्रिकेची फाइल त्याच फाँटात आहे, दुसऱ्यात उघडली की सगळ्या वेलांट्या पळतात. फाँटला ना आयसीयू लागतं ना पोर्ट. एयूआरमध्येही ते नाव नाही, म्हणजे फेरफाराचीही भीती नाही. पॅकमॅनच्या कॅशेतून त्याची पॅकेज फाइल उचलून वेगळी ठेवली, नाहीतर एखाद्या दिवशी कॅशे साफ करताना तीही जायची.

उंटावरचा शहाणा
उत्तम. तशी गेलीच तर आर्चचं जुनं भांडार आहे, रोजच्या रोज रेपोची प्रत ठेवतात, तिथून एखादं पॅकेज आणता येतं. पण त्या भांडारातून क्यूटी४ आणून परत बसवू नका म्हणजे झालं.

माळरान
नाही बसवत. :) २३ ची १० झाली. पैकी ९ एयूआरची, त्यांचे फरक आता वाचणार. एक लग्नपत्रिका.

गडबडगुंडा
आणि तीस जीबीचं काय झालं? मूळ प्रश्न तो होता ना?

माळरान
हॅ हॅ. या चौदांनी मिळून पाचशे एमबीसुद्धा खाल्लेलं नव्हतं. जागा खाल्ली होती पॅकमॅनच्या कॅशेने, साठत गेलेल्या जुन्या आवृत्त्यांनी. पॅककॅशे (तो साठा साफ करणारी आज्ञा) चालवलं, प्रत्येकी शेवटच्या तीन ठेवल्या, अकरा जीबी मोकळे.

खिडकीबंद
बरं, मीपण चालवलं आत्ता क्यूएम.

४१.

यातली एयूआरची कुठली आणि बदलीनंतर क्वार्टर न सोडलेली कुठली, हे ओळखायचं कसं ते कुणी सांगेल का? आज्ञा अक्षरी लिहा, मीही मोबाइलवरच आहे.